सूपभर कोंड्याचं लेकरू

सरकारी कागदावर माझं पद 'सहाय्यक परिचारिका प्रसाविका' असं होतं. ते एका दमात म्हणणारा माणूस मला सगळ्या नोकरीत भेटला नाही. साहेब लोकसुद्धा मध्येच अडखळून 'एएनएम' म्हणत. गावात मी नर्सबाई, आणि पोरांच्या तोंडी सुईवाली. आणीबाणीतल्या नसबंदीच्या दिवसांनंतर दोन-तीन वर्षं तर मला नावच उरलं नव्हतं, कारण मी गल्लीच्या तोंडाशी दिसले की हाक मारायला कोणी जागेवर राहायचंच नाही. बायका मागच्या दारानं वाडीत, पुरुष थेट बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर. मी पेटी घेऊन रिकाम्या अंगणात उभी, आणि समोर एखादी कोंबडी. अशा कोंबड्यांना मी किती वेळा 'काय गं, बरी आहेस ना' विचारलं असेल, याची नोंद रजिस्टरात नाही.

रजिस्टरात नसलेल्या आणखीही काही गोष्टी आहेत. त्यातलीच एक आज सांगते.

माझं उपकेंद्र साकोली तालुक्यात, सानगडीच्या पलीकडं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून आहेत तिथं. उपकेंद्र म्हणजे जिल्हा परिषदेनं भाड्यानं घेतलेली कौलारू दोन खोल्यांची जागा. पुढच्या खोलीत एक टेबल, एक बाक, भिंतीवर गुबगुबीत बाळाचं चित्र. मागच्या खोलीत माझा संसार. संसार म्हणजे मी एकटीच. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा तापानं गेला, मूल नव्हतं, सासरी माझं कुणाला काही काम नव्हतं. कारध्याला माहेरी परत आले, तर वडिलांनी एकही प्रश्न न विचारता भंडाऱ्याला नर्सच्या ट्रेनिंगला नाव घातलं. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना रोज हात जोडते.

पाच गावं माझ्याकडं होती, सगळी पायी. कामाचं म्हणाल तर सोपं सांगते. गावात कोण पोटुशी आहे ते शोधायचं, तिचं नाव गरोदर बायांच्या रजिस्टरात लिहायचं, तिला रक्ताच्या लाल गोळ्या द्यायच्या (त्या ती माझ्यासमोर पदरात बांधून घ्यायची आणि मी वळले की म्हशीच्या गोठ्यात टाकायची), धनुर्वाताची दोन इंजेक्शनं महिन्याच्या अंतरानं टोचायची, बाळंतपण करायचं किंवा दाईकडून नीट करून घ्यायचं, आणि मग लेकराला लसी. काचेच्या सिरिंजा स्टोव्हवर उकळायच्या, लस बर्फाच्या थर्मासमधून आणायची, आणि बर्फ वितळायच्या आत लेकरं गोळा करायची. लेकरं मिळाली तर आया मिळत नसत, आणि दोघं मिळाली की आजी मध्ये उभी राहायची.

गावची दाई भागरथा बुढी. तिला मी आरोग्य केंद्रात ट्रेनिंगला घेऊन गेले, तेव्हा शेवटच्या दिवशी तिला कात्री, दोरा, साबण, ब्रश असं सामान भरलेली ॲल्युमिनियमची पेटी मिळाली. महिन्याभरानं पाहते तर पेटी देव्हाऱ्यात, हळदकुंकू लावलेली, वर जास्वंदीचं फूल. आणि नाळ कापायला विळाच. मी चिडले. बुढी शांतपणे म्हणाली, सरकारनं एवढ्या मानानं दिलेली वस्तू रक्तात कशी बुडवायची. तिला तो मान वाटत होता, आणि मला तो वेडेपणा वाटत होता. त्या दिवशी मी तिच्यावर ओरडले, त्याचं आज वाईट वाटतं. पुढं ती माझ्या हाताखाली अशी तयार झाली की उकळलेल्या पाण्यात तिचा हात बुडवायचाच बाकी राहिला.

विळ्याचा एवढा राग का, तेही सांगायला हवं. लेकरं जन्मायची धडधाकट. मातीनं माखलेल्या विळ्यानं नाळ कापायची, वर शेण लावायचं. सातव्या-आठव्या दिवशी लेकरू दूध ओढेनासं व्हायचं. जबडा आवळायचा, मुठी वळायच्या, अंग कमानीसारखं ताठ व्हायचं. मग संपलं. डॉक्टर त्याला धनुर्वात म्हणतात. गावात त्याला नावच नव्हतं. 'ते आलं' एवढंच बायका म्हणायच्या, तेही आवाज खाली घेऊन. आईला पोटुशी असताना दोन इंजेक्शनं दिली आणि नाळ स्वच्छ कापली, तर ते येत नाही. एवढं सोपं होतं. सोपी गोष्ट समजावून सांगण्यातच माझे चपलांचे किती जोड झिजले.

पारबताची तीन लेकरं 'त्या'नं नेली होती.

पारबता म्हणजे दयारामची बायको. दोन एकर धान, एक सासू, कमी बोलणारा नवरा. पहिलं लेकरू आठव्या दिवशी गेलं, दुसरं सातव्या, तिसरं नवव्या. तिन्ही मी त्या गावात यायच्या आधी. ती हसायची, रोवण्याची, धान लावणीची, गाणी म्हणायची, पण कुणाच्याही लेकराला कडेवर घ्यायची नाही. माझ्याआधीच्या नर्सबाईनं शेवटच्या खेपेला तिचं नाव मोठ्या अक्षरांत रजिस्टरात लिहिलं होतं, ते मी वाचलं होतं. पुढच्या रकान्यात एकच शब्द होता, 'मृत'.

रोवण्याचे दिवस होते. मी बांधावरून चालले होते. चिखलात पंधरावीस बायका वाकून पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, लावत होत्या. त्यातली पारबता उठली, दोन्ही हात कमरेवर ठेवून मागं वाकली, आणि मला कळलं. एवढ्या वर्षांत आमचे डोळे असे होतात की बाई कशी उभी राहते त्यावरून महिना सांगावा. दुपारी बायका बांधावर भाकरी खायला बसल्या तेव्हा तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं माझ्याकडं न पाहता सांगितलं, "बाई, मोजू नका. मोजलं का जाते."

मी विचारलं, इंजेक्शन घेशील का. ती म्हणाली, टोचायचं तर टोचा, पण माहं नाव तुमच्या वहीत लिहायचं नाही. त्या खेपेला नाव लिहिलं, लेकरू गेलं. तिचा हिशेब तिच्यापुरता पक्का होता. माझ्या ट्रेनिंगमध्ये याचं उत्तर कुठंच शिकवलं नव्हतं. नाव लिहिलं नाही तर नियम मोडतो, आणि लिहिलं तर ती उठून जाते. मी पेटी उघडली. पाय चिखलात, दंडावर चिखल. तो पुसून, स्पिरिट लावून बांधावरच पहिलं इंजेक्शन दिलं. वही काढलीच नाही. महिन्यानं दुसरं दिलं. माझ्या त्या वर्षीच्या रजिस्टरात एक गरोदर बाई कमी आहे. ही चूक मी समजून-उमजून केली, आणि ती मला पुढं चांगलीच भोवली.

धानाचं मळणं चालू असताना एका दुपारी भागरथा बुढी मला बोलवायला आली. मी पोचले तेव्हा कळा चांगल्या सुरू होत्या. फार वेळ लागला नाही. मुलगा झाला, सावळा, लांब पायांचा, आणि आल्या आल्या असा ओरडला की अंगणात मळणीचे बैल हाकणारा दयाराम जागच्या जागी बसला. नाळ बुढीनं उकळलेल्या ब्लेडनं कापली. माझ्याकडं बघून तिनं हात दोनदा धुतले होते. शेणाला कुणी हात लावला नाही. पारबतानं मान भिंतीकडं वळवून ठेवली होती. लेकराकडं तिनं पाहिलंही नाही.

आमच्याकडं जिची लेकरं जगत नाहीत, ती नव्या लेकराला आपलं म्हणत नाही. लेकरू सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवतात; म्हणजे घरानं ते टाकूनच दिलं. मग दुसरी बाई येते, सूपभर कोंडा देते आणि लेकरू विकत घेते. घेते आणि पोसायला म्हणून परत त्याच घरी ठेवते. पाच वर्षं लेकरू तिचं. त्याच्यावर डोळा ठेवणाऱ्याला वाटावं की इथं कुणाचं काही नाही. अशा मुलांची नावं मग कोंडू, उकंड्या, फेकू अशी असतात, आणि ती म्हातारी झाली तरी तीच राहतात.

दाराशी पाच लेकरांची एक शेजारीण कोंडा घेऊन तयार होती. पारबता खाटेवरून म्हणाली, बाईनं घ्यावं. मला आधी कळलंच नाही की बाई म्हणजे मी. भागरथा बुढी गोंधळली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं, मग पारबताला समजावल्यासारखं म्हणाली, "पाच लेकरांच्या मायनं घ्या लागते वं. बाईचं तं..." आणि पुढचं तिनं गिळलं. विधवा, निपुत्रिक बाई. मला लोक ओटीभरणाला बोलवत नसत, आणि मीही कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. निदान तसं मी समजत होते.

पारबता म्हणाली, "ते लेकरावाल्या घरी येते. बाईच्या घरी लेकरू नाही. तिथं ते कायले पाहाले जाईल?"

मला राग यायला हवा होता का, मला माहीत नाही. आयुष्यभर जी गोष्ट लोकांनी माझ्या अंगावरचा डाग म्हणून पाहिली, तीच त्या खाटेवरच्या बाईला एखाद्या भिंतीसारखी वाटत होती, जिच्या आडोशाला लेकरू लपवता येईल. मी पेटी खाली ठेवली. शेजारणीच्या हातातला कोंडा माझ्या हातात आला. उकिरड्यावर सूप, सुपात तो, वर हिवाळ्याचं ऊन. मी कोंडा दिला आणि त्याला उचललं. शेकडो लेकरं उचललेले हात माझे. त्या दिवशी मात्र त्यांनी त्याला उगाच घट्ट धरलं. नाव मीच ठेवायचं होतं. कोंडू ठेवलं.

पुढचे आठ दिवस कसे गेले ते मला विचारू नका. इंजेक्शनं दोन झालेली, नाळ स्वच्छ, काही होणार नाही हे मला पुस्तकातून, अनुभवातून, सगळीकडून ठाऊक होतं. तरी रोज सकाळी दुसऱ्या गावी जाताना मी वाट वाकडी करून त्या घरावरून जायची. आठव्या दिवशी दारात पाय टाकायचं धाडस होईना. मी अंगणातच उभी राहिले. मग आतून रडण्याचा आवाज आला, भुकेचा, तोंड पूर्ण उघडून. जबडा मोकळा होता. मी बाहेरच्या ओट्यावर बसून पाणी मागितलं, आणि ते पिताना निम्मं लुगड्यावर सांडलं.

कोंडू माझा झाल्यानं एक गंमत झाली. लसीच्या वेळी सासू नेहमीप्रमाणे मध्ये उभी राहिली, तापानं लेकरू जाईल म्हणाली. पारबता आतून म्हणाली, मालकीण टोचू म्हणते तर आपण कोण अडवणार. सासू बाजूला झाली. त्रिगुणी लसीचे तिन्ही डोस वेळेवर घेतलेलं माझ्या पाच गावांतलं ते पहिलं लेकरू. ताप आला, उतरला, लेकरू खेळायला लागलं. मग शेजारणी हळूच विचारायला लागल्या. कोंबड्यांशी बोलायचे माझे दिवस त्यानंतर संपत आले.

पारबता मात्र व्रताला पक्की होती. त्याला फाटक्या चिंध्यांचे कपडे, गालावर काजळाचा मोठा ठिपका. दूध भिंतीकडं तोंड करून पाजायची. चारचौघांत मुका नाही, कौतुक नाही. कुणी विचारलं तर 'बाईचं हाये' म्हणायची. मी गेले की माझ्या मांडीवर टाकायची आणि जणू काही संबंधच नाही अशी सूप पाखडत बसायची, पण सूप एकाच जागी हलत असायचं आणि नजर आमच्याकडं. मी त्याला लोकरीची टोपी विणली. त्या घराकडं जायला मी कारणं शोधत असे, हेही कबूल करते. एवढ्या वेळा वजन घेतलेलं लेकरू जिल्ह्यात दुसरं नसेल.

तो सात महिन्यांचा असताना तालुक्याच्या ऑफिसातून लखोटा आला. मी तो उघडला आणि बाकावर बसले.

झालं होतं असं. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत ग्रामसेवक करतो. आमच्याकडं नवा आलेला ग्रामसेवक परजिल्ह्यातला, चांगला मुलगा, पण त्याला गाव ठाऊक नव्हतं. पारबताची सासू नोंद करायला गेली. बापाचं नाव तिनं सांगितलं. आईचं नाव विचारल्यावर तिची पंचाईत झाली. पारबताचं नाव घेतलं तर विकलेलं लेकरू परत आपलं म्हटल्यासारखं होतं. तिनं विचार करून माझं नाव सांगितलं, शांता. आईचा धंदा काय, तर नर्स. त्यानं लिहून घेतलं. कुठल्या तरी तपासणीत ते वरच्या लोकांच्या डोळ्यांत आलं. बाप दयाराम, शेती. आई शांता, परिचारिका. एका विधवा नर्सबाईला लेकरू झालंय, तेही गावातल्या लग्नाच्या माणसापासून, आणि तिनं रजासुद्धा घेतलेली नाही. सात दिवसांत खुलासा करा.

आज मी हे हसत लिहिते. तेव्हा हसले नव्हते. मी साहेबांपुढं उभी राहून सगळं सांगितलं. साहेब नवे होते, शहरातले. त्यांनी मला एकच प्रश्न केला, त्या बाईची नोंद तुमच्या गरोदर बायांच्या रजिस्टरात आहे का. नव्हती. बाळंतपणाच्या रजिस्टरात? तिथंही नव्हती, नाव लिहायचं नाही तर कुठंच नाही, असा माझा शब्द होता. साहेब म्हणाले, मग त्या बाईला इथं घेऊन या. तिनं समोर सांगायचं की मूल माझं आहे. नाही सांगितलं तर मला वर लिहावं लागेल.

मी गावात परत आले आणि पारबताकडं गेलेच नाही. तिच्या तोंडून 'माझं' हा शब्द काढायचा? तीन लेकरं गेलेल्या बाईनं सात महिने दातओठ आवळून जो शब्द आवरला होता, तो तिनं माझ्या नोकरीसाठी बोलायचा? आणि उद्या त्या पोराला साधा ताप जरी आला, तरी ती आयुष्यभर काय समजेल? त्यात मी सायन्स शिकलेली बाई. असल्या गोष्टींनी काही होत नसतं, हे मीच सगळ्यांना सांगत फिरायची. पण मला ते तिला सांगवेना. नोकरी गेली तर कारध्याला भावाच्या घरी भांडी घासत राहावं लागणार होतं, हेही दिसत होतं. चार दिवस मी जेवले की नाही, आठवत नाही.

शेवटी भागरथा बुढीनं माझ्याकडून सगळं काढून घेतलं आणि पारबताला जाऊन सांगितलं. सातव्या दिवशी सकाळी मी एस्टीच्या थांब्यावर गेले, तर पारबता आधीच उभी. धुतलेलं लुगडं, कडेवर चिंध्यांत गुंडाळलेला कोंडू. मी म्हटलं, कशाला आलीस. तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. गाडीत साकोलीपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. कोंडू मात्र खिडकीच्या दांडीला धरून सगळ्या प्रवाशांशी बोलत होता.

साहेब दौऱ्यावर गेले होते. जबाब घ्यायचं काम बडेबाबूंवर टाकलं होतं. बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क, निवृत्तीला टेकलेले, कडक, चुकीच्या रकान्यात शाई पडली तरी कागद परत पाठवणारे. त्यांनी पारबताला बाकावर बसवलं, कागद पुढं ओढला, चष्मा लावला.

"मुलाचं नाव?"

"कोंडू," ती म्हणाली.

बडेबाबूंचा हात थांबला. त्यांनी पोराकडं पाहिलं. चिंध्या, काजळाचा ठिपका, त्याखाली चकाकणारं गुटगुटीत अंग. पारबताकडं पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते, ती पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होती. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. दहा वर्षं मी त्यांच्या सहीचे कागद घेत होते, आणि तिथं खाली छापील अक्षरांत त्यांचं नाव असायचं. उकंडराव. मी कधी त्या नावाचा विचारच केला नव्हता.

त्यांनी दौत बाजूला सरकवली आणि पोरीशी बोलावं तसं विचारलं, "दूध कोणाचं पेते हा, बाई?"

"माहं," पारबता म्हणाली.

"राती कोणापाशी झोपते?"

"माह्यापाशी."

"आंग तापलं तं कोण जागते?"

"मीच जागतो जी."

"बस झालं." बडेबाबू लिहायला लागले. मूल कोणाचं, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. लिहून झाल्यावर तिचा अंगठा घेतला आणि पोराच्या हातात टाक देऊन त्याला टेबलावर रेघा मारू दिल्या. त्या टेबलावर आम्ही कधी कोपर टेकलं नव्हतं.

मग त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडं सरकवला. म्हणाले, तुमचंही एक लागेल, दोन ओळींचं. लिहा, सदर मूल माझे नाही.

मी टाक हातात घेतला. 'सदर मूल' एवढं लिहिलं आणि थांबले. पारबता माझ्याकडं पाहत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण मी काय लिहिणार ते तिला कळत होतं. मी कागद चुरगळला आणि दुसरा घेतला. त्यावरही तेच झालं. लोकांना मी वर्षानुवर्षं सांगत आले होते की बोलल्यानं, लिहिल्यानं, मोजल्यानं लेकरं मरत नाहीत. आणि आता माझाच हात पुढं जाईना. भीती होती, पण ती निम्मीच होती. उरलेलं काय होतं ते मला त्या बाकावर बसून पहिल्यांदा कळलं. ते वाक्य मला खरं वाटत नव्हतं.

तिसऱ्या कागदावर मी लिहिलं, 'सदर बालकास मी जन्म दिलेला नाही,' आणि खाली सही केली.

बडेबाबूंनी ते दोनदा वाचलं. शब्दाशब्दावर अडणारा माणूस. मला वाटलं, परत लिहायला लावणार. त्यांनी कागदाला टाचणी लावली. हळूच म्हणाले, "मले ज्या काकूनं घेतलं होतं न, ते मरेपर्यंत मले आपलाच म्हणे. चालते हे." आणि दुसऱ्या फायलीला लागले.

नोंद दुरुस्त झाली. माझ्या सेवापुस्तकात मात्र रजिस्टर अपूर्ण ठेवल्याबद्दल समज दिल्याची एक ओळ पडली, ती शेवटपर्यंत राहिली. ती मला कधी बोचली नाही. मधल्या काळात एकदा बदलीचा हुकूम आला, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मी साहेबांचे पाय धरले आणि बदली रद्द करून घेतली. कारण विचारलं तर घरगुती अडचण सांगितली. एकट्या बाईची कसली घरगुती अडचण, असं साहेबांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

कोंडू वाढला. पारबता त्याला नावानं सोडून कधी कशानं हाक मारायची नाही, आणि त्याला 'माय' म्हणायला कुणी शिकवलं नव्हतं. आजी जशी सुनेला हाक मारायची तसा तोही तिला 'पारबता' म्हणायचा. 'पारबता, भूक लागली.' 'पारबता, पाणी दे.' गाव हसायचं. ती मुकाट्यानं द्यायची. गोवर आली, गेली. एकदा तो बोडीत पडता पडता वाचला, त्याला फटके देऊन तिनं रात्रभर छातीशी धरलं, असं बुढीनं मला सांगितलं.

पाच वर्षं पुरी झाली त्या दिवशी दुपारी पारबता माझ्या उपकेंद्रात आली. डोक्यावर सूप, सुपात कोंडा, सोबत नवी चड्डी घातलेला कोंडू. दयाराम आणि भागरथा बुढी दाराबाहेर थांबले. घेतलं तेवढंच देऊन लेकरू परत न्यायचं, अशी रीत. विकत घेणारीनं नाही म्हणायचं नसतं. पारबतानं सूप टेबलावर ठेवलं. मी कोंडूला जवळ घेतलं, त्याच्या दंडावरचा लसीचा वण उगाच चाचपून पाहिला, आणि त्याचा हात तिच्या हातात दिला. ती माझ्या पायांवर वाकली, मी तिला उठवलं. बोलायचं होतं ते फार होतं, आणि पोर उड्या मारत होतं.

ते गेले. मी सूप उचलायला वळले. खिडकीखालच्या गल्लीतून कोंडूचा आवाज आला, 'पारबता, मले खांद्यावर घे.' आणि मग तिचा आवाज, पाच वर्षांत मी कधी ऐकला नव्हता एवढा मोठा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"पारबता नाही रे, माय म्हण."

"काहून?"

"मी तुही माय आहो म्हून."

मग त्यानं म्हणून पाहिलं. मी खिडकीशी गेले नाही. मी बाकावर बसून रडले, आणि ते सगळं आनंदाचंच होतं असं मी आज या वयात खोटं कशाला लिहू.